तिसरी किल्ली

घरमालकाने दोन किल्ल्या दिल्या,
एक तुमची, म्हणाले, एक घरच्यांना.
घरचे उदगीरला.
दुसरी मी तुरीच्या डाळीत टाकली,
डाळ संपेल तेव्हा सापडेल अशी.

हिंगण्यात, कालव्याच्या अलीकडे, दुसरा मजला.
सामान उतरवून टेम्पो गेला
आणि कुकरची शिट्टी टेम्पोतच राहिली.
तीन दिवस उघड्या पातेल्यात भात,
तिन्ही दिवस गिच्च.
इथलं पाणीच वेगळं, म्हणून सोडून दिलं.

बोर्डावर आठ बटणं.
पंख्याचं समजून रोज बाथरूमचा दिवा लावते.
अंधारात हात डावीकडे जातो,
जिथे तेवीस वर्षं बटण होतं,
आणि भिंत लागते. गार, नुसती भिंत.

रक्तपेढीत सगळे नीट बोलतात.
मीही नीट बोलते.
'कामून' गिळून 'का' म्हणते,
'काय करलालाव' येता येता ओठ मिटते,
एकेका वाक्याला इस्त्री.
पिशव्यांवर गट लिहायचा, तारीख लिहायची,
गाव लिहायला रकाना नाही.
संध्याकाळी जबडा दुखतो.
हे आईला फोनवर सांगितलं नाही.
तिला सांगितलं, खिडकीतून सिंहगड दिसतो.
दिसत नाही. समोरच्यांच्या चादरी दिसतात.

ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला, आतून,
आधीच्या बाईंचं अक्षर:
भांडी मंगल. लाईट तांबोळी.
चौदा तारखेला दूध एकच.
आणि सगळ्यात खाली एक नंबर, नाव नसलेला,
पेन्सिलीने दोनदा गिरवलेला.
चहापत्तीचा डबा नेमका त्याच फळीवर.
उकळी येईपर्यंत
दुसरं वाचायला काही नसतं.

इथलं दार आपलं आपण लागतं.
आमच्याकडे दार लावणं हे काम आहे:
फळी ओढा, कडी घाला, कोयंड्यात कुलूप,
मग एकदा हिसका देऊन बघा.
गुरुवारी रात्री कचऱ्याची बादली ठेवायला
दोन पावलं बाहेर आले
आणि मागे टक.
एवढंच. चप्पल आत. गॅसवर दूध.
गाऊनच्या खिशात, नशीब, फोन.
डाळीतली किल्ली डाळीत.

मालक उचलेनात.
मग अंगठ्यानेच दहा आकडे दाबले.
पाठ केले नव्हते. झाले होते.

"कोण?"
म्हटलं, दोनशे चारमधली. दार लागलं.
"आलो."

वरच्या जिन्यात स्लिपरा वाजल्या.
घाईत चढवलेला सदरा, एक बटण खाली घसरलेलं.
रेणुसे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त,
हे सगळं नंतर कळलं.
तेव्हा दिसला तो लाल दोरा आणि त्यात किल्ली.
"बाई गेल्या, ही माझ्याकडंच राह्यली.
मालकाला वाटतं दोनच हायेत."

दूध उतू गेलंच होतं.
करपट वास जिन्यापर्यंत आला,
पहिल्यांदाच या घराला कसला तरी वास.
गॅस बंद करून, हात पुसत परत आले
तर ते उंबऱ्याबाहेरच, किल्ली पुढे धरून.

आणि अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा
तोंडातून न धुतलेलं निघालं:
"राहू द्या की तुमच्यापशीच.
मला कोन हाय हितं."

"बरं," म्हणाले. हसले नाहीत.
दोरा बोटाला गुंडाळत दोन पायऱ्या चढले,
थांबले, मान कालव्याच्या बाजूला.
"आवर्तन सुटलंय शनिवारपासनं.
झोप लागती का, एवढ्या पाण्याच्या आवाजात?"

पाच रात्री मी त्याला रस्ता समजत होते.