चतुःसीमा येणेप्रमाणे

वादी हुमैला. परगणा म्हणा हवं तर.
वस्ती अकराशे चाळीस, खजुरी सहा हजारांवर.
शेळ्या कुणी मोजू दिल्या नाहीत, नजर लागते.

पूर्वेस डोंगर, भाजून साल काढलेल्या वांग्यासारखा.
पश्चिमेस वाळू. तिची हद्द
दर वर्षी नव्याने लिहावी लागते.
दक्षिणेस पाइपलाइनचं कुंपण. तेल इथलं नव्हे,
इथून फक्त जातं.
उत्तरेस रस्ता. मस्कत साडेचार तास,
गाडीत बाळंतीण असेल तर तीन.

मी जलखात्याचा सर्वेअर. मूळचा जतकडचा,
म्हणजे कोरड्याची सवय घरूनच.
मुक्काम पोस्ट सध्या इथे.
सध्या म्हणजे सत्तावीस वर्षं.

इतिहासाचं पान उघडलं तेव्हा
नासिर बिन खलफान म्हणाला, आधी पाणी लिही,
राजे मागाहून.
तो इथला पाटकरी. डोंगराच्या पोटातून
सात किलोमीटर अंधारात चालत आलेलं पाणी
तो दिवसा काठीच्या सावलीने वाटायचा,
रात्री ताऱ्यांनी.
कुठला तारा कुठल्या भिंतीवर टेकला की
कुणाचं बारं फोडायचं, सगळं पाठ.
मी त्याला एकदा घड्याळ दिलं.
त्याने ते नातवाला दिलं. म्हणाला,
हे ढगातही चालतं,
मग माणसांनी भांडायचं कशावरून?

ही माणसं मध्ये निघून गेली होती,
लवंगांच्या बेटावर, दोन पिढ्या.
परतली तेव्हा नारळावर सरसर चढायची
आणि खजुरीपाशी अडायची.
झुवैना अजून रागावते ती स्वाहिलीत,
रडते अरबीत,
माझ्याशी घासाघीस करते मोडक्या हिंदीत
आणि त्यातच जिंकते.
तिचा दरवाजा सागवानी. साग इथे होत नाही.
त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, तुमच्याकडचा.
मी हात लावला.
परमुलखात गाववाला भेटावा
आणि त्याचं नाव आठवू नये,
तसं झालं.

रकाना सहा: तात्पुरते रहिवासी.
मोतालेब, खजुरीचं परागण करतो.
मुलीचं लग्न त्याने फोनवर ऐकलं,
झाडाच्या शेंड्यावरून, कारण रेंज तिथेच.
कुंजाप्पू, दुकानदार. उधारीची वही मल्याळममध्ये.
कुणालाच वाचता येत नाही,
म्हणून सगळ्यांचा विश्वास.
मग मी. स्वतःच्या अक्षरात,
स्वतःच्या पेनाने, रकाना सहा.

एक नोंद राहिली.
अठ्ठ्याण्णव साली मी एक जागा दाखवली होती.
खडक, नकाशा, यंत्र, सगळे हो म्हणत होते.
नासिर म्हणाला, तिथे शेळ्या बसत नाहीत.
शेळ्यांचं ऐकायला मी काय शिकलो नव्हतो.
दोनशे दहा मीटर खाली गेलो.
वर आली गरम हवा,
आणि महिनाभराने साहेबाचं पत्र.
त्या वाटेने मी पुन्हा गेलो नाही.

परवा खात्याचा नवा पोरगा आला, टॅब घेऊन,
सगळ्या परगण्यावर टिंबं द्यायला.
मी निवृत्त व्हायला अकरा दिवस.
वाट चुकलो. शेळ्या हाकणाऱ्या एका मुलीला विचारलं.
ती म्हणाली, सरळ जा,
बीर अल-हिंदी लागेल, तिथून डावीकडे.
पोरगा म्हणाला, कुठली बीर?
ती कोरडी. एका हिंदी माणसाची.
तो मेला बहुतेक.

गेलो. तोंडावरचं झाकण कुणीतरी कधीच नेलेलं.
कडेला टायरचा तुकडा, शेळ्यांच्या लेंड्या.
लेंड्या मी नीट पाहिल्या.
ताज्या होत्या.

पोराने टिंब दिलं, नाव टाकलं,
स्पेलिंग मला विचारलं.
पुढचा प्रश्न आपोआप उघडला:
पाणी, आहे की नाही.
त्याचं बोट तसंच वर राहिलं.

मी एक खडा शोधला, सोडला,
आणि दोघं मोजू लागलो,
तो अरबीत,
मी, सवयीने, आपल्यात.