मुद्दाम नासवलेलं

तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक चार.
डॉक्टर मगदूम कागदावरून मान न उचलता म्हणाले,
भाकरी निम्म्यावर आणा.
मी म्हटलं, रोज दोनशे चाळीस होतात,
एकशेवीस केल्या तर गॅसचं बिल कोण भरणार?
तेव्हा त्यांनी चष्मा काढला.
खायच्या म्हणतोय, अक्काताई. थापायच्या नाही.

सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या दाराला,
हळदीचे हमाल पिवळ्या पापण्यांनी जेवायला येतात
तिथं माझा तवा आहे.
भिंतीवर पुराची रेघ, डोक्याच्या वर हातभर.
रेघेखाली रंग काही केल्या धरत नाही.
मी आता देतही नाही.

भाचा जिमला जातो, त्यानं सांगितलं, पनीरची कर,
पीठ नाही, नुसतं प्रोटीन, बांधायला एक अंडं.
अंडं या तव्यावर चढत नाही, म्हटलं,
महावीर चौगुले रोज दीड वाजता इथं जेवतात.
मग इसबगोल घाल, म्हणाला.
इसबगोल मला वेगळ्याच कारणासाठी माहीत होतं.

लिटरभर दूध उकळलं
आणि लिंबाची फोड हातात धरून उभी राहिले.
अर्धं आयुष्य दूध नासू नये म्हणून गेलं.
पातेलं विसळून घे, चैत्रात दोनदा तापव,
मिठाचा हात लावू नको.
आणि आता आपण होऊन पिळायचं?
पिळलं. बघितलं मात्र दुसरीकडे.
वळले तर वाटणीपत्र झाल्यासारखं
हिरवट पाणी एकीकडे, पांढरं एकीकडे.

पांढरं पंचात बांधून नळाला टांगलं.
ज्वारीला उकळतं पाणी लागतं,
चटका बसल्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही.
याचं उलटं. निवू दे, मग तळहाताच्या टाचेनं रगड,
हाताला तुपकट लागेपर्यंत.
जवसाची पूड दोन चमचे, इसबगोल एक,
जिरं, मीठ, बोटभर ठेचा.

सवयीनं परातीत आपटायला गेले
आणि सगळं बोटांच्या फटीतून वर आलं.
बत्तीस वर्षांचा हात
असा तोंडघशी पडलेला पहिल्यांदा बघितला.
दुसरी तव्याला चिकटली.
उलथन्यानं खरवडून उभ्या उभ्या खाल्ली, भुर्जी समजून.

तिसऱ्या वेळी दुधाचीच पिशवी कापून पसरली,
आतून तेलाचं बोट फिरवलं,
तिच्यावर थोपटली. आपटून नाही,
झोपेला आलेलं पोर थोपटतात तशी.
तव्यावर उपडी घातली, पिशवी सोलून घेतली,
गॅस बारीक, वर झाकण.

फुगली नाही.
हिला पापुद्रा नाही, पोट नाही, वाफेचा सुस्कारा नाही.
कडेनं बदामी झाली
आणि तवा हलवल्यावर आपणहून सरकली.
नाव काय द्यावं कळेना.
भाकरी म्हणावं तर टोपलीतल्या दोनशे चाळीस ऐकत होत्या.

मी रोज शेवटची खाते.
चिरलेली, करपलेली, कुणी परत केलेली,
तीन वाजता, गार.
ही तव्यावरून थेट माझ्या ताटात आली,
कारण दुसरं कुणी मागणारंच नव्हतं.
बोट भाजलं. जीभ भाजली.
भाजू दिली.

चवीचं म्हणाल तर ज्वारी ती ज्वारी.
ही जरा चिवट, जरा आंबूस,
जवस दाताखाली कुरकुरतो.
हिरवट पाणी मोरीत ओतवेना,
त्यात दुपारचं पीठ मळलं.
ओळखलं कुणीच नाही,
एका हमालानं फक्त अर्धी जास्त मागितली.

चार दिवसांनी सदा ऐनापुरे बाराच्या आधीच आला,
पोतं खांद्यावरून उतरवायच्या आत नाक वर.
मावशे, काय थापायलाईस? वास येगळाच येतोय.
एक दे की. कितीला?
मी ताट मागं सरकवलं.
बस, म्हटलं, ज्वारीची घालते गरम.
हिचे सौदे निघत नाहीत.