तडजोडपत्र, पान तिसरं

जळगावात, कोर्टाच्या भिंतीला लागून
कडुनिंबाखाली माझं टेबल.
बावीस वर्षं लोकांची भांडणं टाइप करतो,
बांधाची, पोटगीची, बोअरच्या पाण्याची.
पेल्यांचं भांडण पहिल्यांदाच आलं.

सहाचा सेट. काठाला सोनेरी रेघ,
पोटावर लाल चोचीचा पोपट.
चोपड्याच्या इंदूबाई बडगुजर यांच्या घरी
आहेरात आलेला.
"पोऱ्याले तोच पेला लागे," त्या म्हणाल्या,
"दुसराम्हा दिधं ते फेकी दे."

लिंबाचं सरबत, पन्हं, ताक,
आंबट म्हणून जे जे, ते सगळं त्यातच.
आधी पोपटाची चोच फिकी पडली.
मग पोरगा बाराखडीत
ठ-पाशी येऊन बसला,
तो तिथेच.

वकीलसाहेब सांगत गेले, मी बडवत गेलो:
सामनेवाले कोणताही दोष मान्य न करता,
केवळ वाद मिटावा म्हणून, रक्कम देतील.
तक्रारदार याची कुठेही वाच्यता करणार नाहीत.
यापुढे खोक्याच्या तळाशी
शिशाविषयी सूचना छापली जाईल.

तळाशी. म्हणजे खोकं उलटं धरलं तर.
अक्षर किती मोठं, यावर अर्धा तास गेला.
रकमेवर दहा मिनिटं.

सही करता करता इंदूबाईंनी विचारलं,
"हाई सूचना पोऱ्याले वाचता ई का?"
साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

पुराव्यातले पाच पेले परत मिळाले.
ते माझ्या टेबलावर ठेवून
त्या बसस्टँडकडे चालू लागल्या.
मी हाक मारली नाही.

आता फेकायचे कुठे?
भंगारवाला उचलेल, धुईल,
धरणगावच्या बाजारात मांडेल,
परत कुणाच्या तरी ओठाला.
चार खोक्यात बांधून टेबलाखाली ठेवलेत.
पाचव्यात माझ्या शिसपेन्सिली.
त्यांच्यात शिसं नसतं, नुसतं नावात.
पेल्याचं नेमकं उलटं.

पेल्याभोवती मी कागदाची पट्टी चिकटवली,
सगळ्यात मोठ्या टायपात: यात काही पिऊ नये.
पोपटाचा डोळा तेवढा वर राहिला.

चहावाला पोरगा, शाळा सुटलेला,
ग्लास ठेवताना रोज तिकडे बघतो.
"काका, काय लिहिलंय?"
मी वाचून दाखवतो.
रोज, जरा मोठ्यानेच.
वाच्यतेचं कलम
टाइप करणाऱ्याला लागू नाही.