सुवाच्य अक्षर

नागपुरात, मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर
तीन दिवस आमच्या हातात एक रबरी बाहुली होती.
आम्ही सतरा नर्सबाया,
भिवापूरच्या, पारशिवनीच्या, मी देवलापारच्याही पलीकडची,
पाळीपाळीनं तिची मान जराशी मागे करायचो,
फुलाचा वास घेत असल्यागत.
मग तोंडा-नाकावर मास्क, आणि पिशवी:
दाब, सोड, सोड.
दाब, सोड, सोड.
छाती उचलली की मॅडम म्हणायच्या, हं, आलं बाळ.

जेवणाच्या सुट्टीत त्या सहज बोलल्या,
रडलं नाही म्हणजे गेलंच, असं नसतं.
कधी कधी ते नुसतं वाट पाहत असतं
पहिलं मिनिटभर.
सगळ्याजणी डबे आवरत होत्या.
माझ्या डब्याचं झाकण
काही केल्या लागेना.

परतले त्या रात्री उपकेंद्राचं कपाट उघडलं.
कडेनं वाळवी लागलेलं प्रसूती रजिस्टर.
ओळ एकेचाळीस.
फुलवंता गोविंदा कुमरे, वय वीस,
मुलगा, दोन किलो सहाशे,
मृत जन्म.
निळी शाई, रेघेला नीट टेकलेली वेलांटी, माझी.
सातवीत या अक्षरासाठी मला कंपासपेटी मिळाली होती.

त्याला मी पुसलं होतं, पाठीवर थापटलं होतं,
सगनाबाई उईके, आमच्या जुन्या दाई,
कानात फुंकर घालत राहिल्या.
आणि पिशवी याच कपाटात होती, प्लास्टिकसकट,
हरवली तर पगारातून कापतील
म्हणून कुलपात.
किल्ली माझ्या कमरेला.

आता पिशवी टेबलाच्या उशाशी, खिळ्याला.
बल्ब मोठा आणला. इन्व्हर्टरसाठी सहा अर्ज,
सातव्याला बॅटरी आली, पाणी नसलेली.
इतवारीतून घड्याळ घेतलं, सेकंदकाटा लाल,
एकशे ऐंशी रुपये, माझेच.
बाहुली नागपूरलाच राहिली,
म्हणून लुगड्याच्या चिंध्यांची एक शिवली.
तिला छाती नाही, काही उचलत नाही,
तरी मंगळवारी दुपारी आम्ही मोजतो,
मी, ललिता आशा, आणि सगनाबाई,
ज्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या,
इतकुशा फुग्यानं जीव येते का जी?
आणि ज्यांचे हात आता
माझ्यापेक्षा हलके चालतात.

आज फुलवंता आली. नववा लागलाय.
स्टुलावर बसली, पदरानं मान पुसली,
भिंतीकडे पाहत राहिली बराच वेळ.
बाई, हे घड्याळ काऊन लावलं?

वेळ पाहाले, मी म्हणाले.

तिनं मान हलवली.
मांगच्या खेपेले नोव्हतं, म्हणाली,
आणि दंड पुढे केला.

मी पट्टा गुंडाळला, फुगा दाबत गेले.
कार्डावर तिचा आकडा लिहिताना
अक्षर पहिल्यांदाच
रेघेच्या खाली उतरलं.