मासेवाले

टोपी बडनेऱ्याच्या बाजारात घेतली होती,
जुन्या कपड्यांच्या ढिगातून, पंधरा रुपयांत.
पुढे निळ्या दोऱ्याने शिवलेला मासा.
चवरे सर म्हणाले, अगं, हा अमेरिकेतल्या बेसबॉलचा संघ आहे.
मी तेव्हा कॉलेजची कॅचर होते,
दोन्ही गुडघे शाबूत होते,
कुणाचं तरी असावं असं वाटायचं वय होतं.
मी मासेवाल्यांची झाले.

आता पळसखेडच्या दूध संकलन केंद्राचं कुलूप
पहाटे साडेचारला काढते,
फॅटचं मशीन सुरू करते
आणि मोबाईल त्याच्याच डोक्यावर टेकवते.
रेंज तिथेच येते.
तिकडे अजून कालची संध्याकाळ असते,
दिवे लागलेले, गवत इतकं हिरवं
की नर्मदा उईके कॅन खाली ठेवत म्हणाली,
"बकऱ्या नाई का वो त्या गावात?"

एप्रिलमध्ये ते सलग नऊ सामने हरले.
मेमध्ये पिचरचा कोपर गेला.
आमच्याकडे दूध निम्म्यावर आलं होतं,
आणि सकाळी सातलाच पत्रा तापायचा.

पुंजाराम ढोकेंनी विचारलं, "हा पयते कुठी?"
घरातून निघायचं, काका,
तीन ठिकाणी थांबायचं,
परत घरी यायचं. आला की एक.
"अन् नाई आला तं?"
तर काही नाही. तो पळालाच नाही असं धरतात.
काका लिटरभर दूध ओतेपर्यंत गप्प होते.
"हे काई बराबर नाई," म्हणाले.

दीड जीबी सहाव्या डावापर्यंत पुरतो.
मग चित्र बंद, नुसता आवाज.
एक म्हातारा बोलत असतो, निम्मं मला समजतं.
मधेच तो थांबतो,
आणि त्याच्या मागे हजारो माणसं
खुर्च्यांवर हलतात,
वाळल्या तुरीच्या शेंगा वाजतात तशी.

जुलैत जिंकायला लागले.
जिंकले की मी रजिस्टरात फॅटच्या रकान्याशेजारी
एक टिंब देते.
संघाचे निरीक्षक आले, चष्मा वर करून म्हणाले,
ही टिंबं कसली?
भेसळ नाही सर, म्हटलं.
ऑगस्टच्या पानावर एकोणीस टिंबं होती.

पोळ्याच्या सकाळी पुंजारामकाका आले ते
हाताला बेगड चिकटलेला, शिंगांच्या रंगात बोटं.
दूध नव्हतंच, वासराला सोडलं होतं.
दारातून विचारलं,
"आपले?"
आतापर्यंत ते "तुये मासेवाले" म्हणायचे.
मी मान हलवली. ते बैलांकडे गेले.

हरलं की संपलं, असा सामना
दसऱ्याच्या आधी दोन दिवस आला.
रात्रभर सोयाबीनचे थ्रेशर चालू होते,
हवेत भुसा, सगळ्यांचे डोळे लाल.
नववा डाव, एका धावेने मागे,
आमचा गडी तिसऱ्या ठिकाणावर.
डेटा मी पहिल्यापासून राखून ठेवला होता.
फटका बसला. तो निघाला.
आणि पडद्यावर ते गोल फिरायला लागलं.

रांगेत अकरा कॅन होते.
कुणी म्हणालं नाही, बाई, मापं घ्या.
माझा डावा गुडघा आपोआप वाकला,
जसा वाकला होता त्या शेवटच्या सामन्यात,
जेव्हा ती पंजाबची धिप्पाड पोरगी
तिसऱ्यावरून सरळ माझ्या अंगावर आली होती.
बॉल मी सोडला नव्हता.
ती रडली का, ते मी तेव्हा पाहिलं नाही.
मला स्ट्रेचरवर नेलं.

गोल थांबलं.
तो धुळीत पालथा पडलेला होता,
हात पाटीपासून वीतभर लांब,
आणि त्यांचा कॅचर बॉल वर धरून उभा.

"नाई आला?" काकांनी विचारलं.
नाही.
"मंग उद्या?"
उद्या नाही काका. आता एप्रिलात.

त्यांनी कॅन उचलून मापाखाली ठेवला,
बोटांवर महिने मोजले.
"म्हंजे उलंगवाडी झाल्यावर," म्हणाले.
फॅट लागला सहा पूर्णांक चार.