टाकीला वळसा

ओडेटनं वहीत आखलाय डेक:
बारा बाय सोळा, पायऱ्या सेंट जॉन नदीकडे.
नेमकी मधे येते प्रोपेनची टाकी,
पांढरी, गाभण गाईसारखी
पोट टेकवून बसलेली.

"हलवूया की," जावई म्हणतो टेप गुंडाळत.
गॅसवाला मान हलवतो.
वर फळ्या नकोत, शेगडी दहा फूट लांब,
आणि माझा पाइप पोचला पाहिजे, जानेवारीतसुद्धा.

जानेवारी.
रेजिस कमरभर बर्फातून वाट काढायचा,
टाकीचं झाकण उचलून काटा बघायचा
आणि खिडकीकडे बोटं दाखवायचा:
चार, म्हणजे चाळीस टक्के.
शेवटच्या हिवाळ्यात दोनच बोटं.
तिला वाटलं, टाकीचंच सांगतोय.

ओडेट खोडरबर शोधते.
डेकचा एक कोपरा पुसून टाकते,
एक माणूस बुटांसकट उभा राहील एवढा.

"इथे काय?"
"काही नाही. काटा बघायला."

जावई फळ्यांचा हिशेब पुन्हा मांडतो.
आता दोन जास्तीच्या कापाव्या लागतील,
आणि देवदार केवढा महागलाय.

"खिळे नकोत," ती म्हणते, "स्क्रूच आण.
कधी उचकटायची वेळ आलीच तर."