आरशावरची टोपी

बुधवारी आमच्या खोलीत कुणालाच आपला चेहरा दिसत नसे.
कालिंदीमावशीची टोपी आरशावर वाळत असायची.

पेज ती गाळून घ्यायची मलमलच्या जुन्या तुकड्यातून,
त्यात चिमूटभर मीठ, म्हणजे इस्त्री चिकटत नाही,
निळीचा एकच थेंब, तोही काडीच्या टोकाने.
मग टोपीचं उलगडलेलं कापड खळीत बुडवून
न पिळता
ओलंगच्च आरशावर थापायची
आणि तळहाताने मधून कडेकडे
बुडबुडे ढकलत न्यायची,
तापातल्या पोराची पाठ चोळावी तशी.
बाबा दाढीला पेडणेकरांकडे जात.
मी वेणी अंदाजाने घालायची.
भांग वाकडा दिसला की शाळेत बाई विचारत,
मी म्हणे, बाई, बुधवार आहे.

कापड वाळलं की आपणहून एक कोपरा सोडायचं.
तोवर हात लावायचा नाही.
जुलैत मात्र परळची हवाच ओलं फडकं,
खळ आंबायची, खोलीला शिळ्या भाताचा वास,
आणि आई पुटपुटायची, दवाखाना तिकडे, पथ्य इकडे.

खाली रामधनीची इस्त्रीची गाडी होती.
बाबांचे शर्ट त्याच्याकडे, चादरी त्याच्याकडे,
टोपी नाही.
"तो ओढतो," मावशी म्हणायची.
"ओढलं की कापडाचा धागा तिरका होतो.
ठेवायची, दाबायची, उचलायची."
एकदा डबा घेऊन वॉर्डात गेले होते,
ती एका म्हातारीची नाडी बघत होती.
तीन बोटं ठेवली, दाबली, उचलली.

रात्रपाळी वाईट गेली की सकाळी यायची
आणि न बोलता इस्त्री तापत ठेवायची.
बोट जिभेला लावून तव्याला, चर्र.
मग इस्त्री केलेल्याच रुमालांना पुन्हा इस्त्री.
आई शेजारी चहा ठेवून जायची.
किती रुमाल झाले ते मी मोजायची,
एकदा एकोणीस.

आता मी ब्लाउज शिवते, पोटासाठी.
गिऱ्हाइकांना वाटतं मशीन शिवते.
टीप घातली की आधी शिवण आहे तशी दाबायची,
मग नखाने उघडायची, मग पुन्हा वाफ,
टक्स खालच्या बाजूला झुकवायचे,
आणि बाही
टॉवेल गुंडाळलेल्या लाटण्यावर चढवून.
हे लाटणं वेगळं, पोळ्यांचं वेगळं,
असं निदान घरात सांगितलेलं आहे.

एका वर्षी टोप्या बंद झाल्या. कागद आला.
"बरं झालं," मावशी म्हणाली, "पिना टोचायच्या."
आरसा त्यानंतर रोज मोकळा.
अजूनही त्यावर फुंकर मारली
की एक अर्धगोल कड उमटते आणि जाते.

ठेवणीतलं कापड खळ काढून ठेवावं,
हे तिने सगळ्या चाळीला शिकवलं.
खळीला कसर लागते.
लुगडी, परकर, माझं लहानपणचं झबलं,
सगळं धुऊन, मऊ करून, कडुलिंबाचा पाला घालून.
परवा ट्रंक उघडली.
झबलं जसंच्या तसं.
तळाशी वर्तमानपत्रात
शेवटची टोपी, खळीसकट,
कडक घडी घातलेली.
तिला माहीत होतं.
तरी.

मधलं कापड गेलं होतं, काठ तेवढा उरला होता
आणि पिनांचा गंज.

मावशी आता ऐंशीच्या पुढे. खिडकीपाशी बसते.
दाखवू नये असं वाटलं, पण मला लपवता येत नाही.
तिने टोपी उजेडाकडे धरली,
भोकांतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिली बराच वेळ.
"पोट भरलं असेल बिचाऱ्यांचं," म्हणाली.

मग माझ्या मांडीवरचं शिवण ओढून घेतलं,
चष्मा वर ढकलला, बाहीवरून अंगठा फिरवला.
"ही ओढलीस तू."

ओढली होती.